फुटेजसोबत काय पाठवायचे राहून जाते

विंडोज संगणकावर संकलित केलेला एक माहितीपट रंगसंस्कारासाठी दुसऱ्या स्टुडिओतल्या मॅकवर उघडला, तेव्हा संक्रांतीच्या प्रसंगातली काळीभोर चंद्रकळा धुरकट राखाडी दिसू लागली, असा अनुभव मला आला आहे. फाइल खराब झालेली नव्हती, तिच्यातला एकही बिट हरवला नव्हता. 8 बिटच्या चित्रात प्रत्येक बिंदूचा उजळपणा 0 ते 255 यांमधल्या एका आकड्याने लिहिला जातो. दूरचित्रवाणीच्या परंपरेत काळ्यासाठी 16 आणि पांढऱ्यासाठी 235 हे आकडे ठरलेले आहेत. संगणकाच्या पडद्यासाठी मात्र काळा म्हणजे 0 आणि पांढरा म्हणजे 255. पहिल्या रीतीने लिहिलेली फाइल दुसऱ्या रीतीने वाचली गेली, की काळ्याचा राखाडी होतो. उलट घडले, तर खोल सावल्यांमधला तपशील काळ्यात बुडतो. आकडे सुखरूप पोचले होते, त्यांचा अर्थ वाटेत राहिला होता, आणि एचडी फुटेज एका प्रणालीतून दुसरीत नेताना होणारे बरेच घोटाळे याच जातीचे असतात.

एमओव्ही किंवा एमएक्सएफ ही व्हिडिओ फाइलींच्या प्रकारांची नावे केवळ डब्याची आहेत. आत पोळी आहे की भात, हे झाकणावरून कळत नाही. आतले चित्र कोणत्या पद्धतीने आवळून ठेवले आहे हे कोडेक ठरवतो, आणि आवळण्यावाचून गत्यंतर नसते. 1920 × 1080 बिंदूंचे, सेकंदाला 25 फ्रेमचे, 10 बिट 4:2:2 (म्हणजे आडव्या दिशेत रंगाची माहिती उजळपणाच्या निम्मी ठेवलेले) चित्र न आवळता ठेवले, तर सेकंदाला सुमारे 130 मेगाबाइट, म्हणजे तासाला साधारण 466 गिगाबाइट जागा लागते. अनेक कॅमेरे वापरतात तो एच.264 कोडेक बहुतेक फ्रेम पूर्ण साठवतच नाही, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदलले तेवढेच टिपतो. साठवणुकीला हे उत्तम आहे, पण संकलकाने मधल्याच एखाद्या फ्रेमवर बोट ठेवले, की संगणकाला ती आजूबाजूच्या फ्रेमवरून नव्याने उभी करावी लागते. म्हणून संकलनाची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एव्हिड कंपनीने 2004 मध्ये डीएनएक्सएचडी आणि ॲपलने 2007 मध्ये प्रोरेस हे मधल्या टप्प्याचे कोडेक आणले, ज्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे आवळलेली असते. सेकंदाला 25 फ्रेमचे एचडी चित्र प्रोरेस 422 मध्ये तासाला सुमारे 55 गिगाबाइट घेते. अशा रूपांतराने चित्राचा दर्जा वाढत नाही, हे मात्र नीट ध्यानात ठेवावे. पुढच्या संस्कारांत तो घसरू नये, एवढ्यासाठीच ही जागा खर्चायची.

एचडीव्ही या जुन्या, टेपवरच्या एचडी पद्धतीतले 1080 ओळींचे फुटेज 1440 बिंदू रुंदीचे असते आणि त्यातला प्रत्येक बिंदू आडवा ताणून दाखवायचा असतो. ही सूचना हरवली, की माणसांचे चेहरे लांबुडके दिसतात.

सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा क्रमांक. संकलनाचा आराखडा एका प्रणालीतून दुसरीत नेणाऱ्या ईडीएल, एएएफ किंवा एक्सएमएल या फाइलींमध्ये चित्र असण्याची गरजच नसते. कोणत्या क्लिपचा कोणत्या फ्रेमपासून कोणत्या फ्रेमपर्यंतचा तुकडा कुठे बसवायचा, एवढी नोंद असते. रूपांतर करताना मूळ टाइमकोड पुसला जाऊन प्रत्येक क्लिप शून्यापासून सुरू झाली, तर ती नोंद निराधार होते, आणि आठवड्यांचे संकलन हाताने पुन्हा जुळवत बसावे लागते. फ्रेमच्या गतीचेही तसेच आहे: 24 आणि 23.976 हे आकडे जवळजवळ सारखे वाटतात, पण एकाच्या जागी दुसरा धरला गेला, तर तासाभरात आवाज आणि चित्र यांच्यात 3.6 सेकंदांचे अंतर पडते.

त्यामुळे मी आता सर्व फाइलींसोबत चित्रावर टाइमकोड छापलेली एक हलकी संदर्भफीत, म्हणजे पूर्ण संकलनाची लहान व्हिडिओ प्रत, पाठवतो आणि तिच्या सुरुवातीला कलर बार, म्हणजे ठरलेल्या रंगांचे चाचणीपट्टे, ठेवतो. पलीकडचा संकलक ती आपल्या टाइमलाइनवर अंथरून प्रत्येक कट फ्रेमला फ्रेम लावून ताडून पाहू शकतो, आणि बारमधला काळा 16 वर बसला आहे की नाही, हे चंद्रकळेपर्यंत पोचण्याआधीच मोजू शकतो.