टाच टेकवेना? येण्याआधी एवढं वाचा

दसरा झाला, सोयाबीन घरात आलं, कोजागिरीला तुळजापूर पायी करून झालं की आमच्या ऑस्टिओपॅथी (हातानं करायच्या उपचारांच्या) केंद्रातल्या बाकड्यावर बसायला जागा उरत नाही. "टाच टेकवूच देईना बघा." "सकाळी उठलं की खिळा ठोकल्यागत होतंय." "चालायला लागलं की बरं वाटतंय, पण बसून उठलं की पुन्हा तेच." लातुरात ही वाक्यं आम्ही इतक्यांदा ऐकली, की उत्तरं एकदाची छापूनच द्यावीत असं ठरलं. वाचून तुम्हाला वाटलं की आमच्याकडे यायची गरजच नाही, तर पुढे दिलेल्या व्यायामांचा भाग कापून भिंतीला चिकटवा. आमची काही तक्रार नाही.

नेमकं काय दुखतंय

एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे असतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या बुडापर्यंत तळव्याखालून एक जाड, चिवट पट्टा जातो. पावलाची कमान धनुष्यासारखी धरली, तर हा पट्टा म्हणजे त्याची दोरी. चालताना मागची टाच उचलते, बोटं मागे वळतात, दोरी ताणली जाते आणि कमान घट्ट होऊन अंगाचं वजन पुढे ढकलते. हे दिवसात हजारो वेळा होतं.

रात्री झोपेत पाऊल खाली वळून पडलेलं असतं, त्यामुळे पट्टा आखडतो. सकाळी आपण गादीवरून उठून एकदम सगळं वजन त्याच्यावर देतो. जिथे तो टाचेच्या हाडाला चिकटलेला असतो तिथे, तळव्याच्या आतल्या बाजूला, कळ येते. पाच-दहा पावलांनंतर पट्टा सैल होतो आणि दुखणं ओसरतं. डॉक्टर याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. टाचदुखीची इतरही कारणं आहेत, पण आमच्याकडे येणाऱ्यांत हेच जास्त.

एक्स-रे हातात घेऊन अनेक जण सांगतात, "टाचेचं हाड वाढलंय." असा काटा कित्येकांच्या एक्स-रेत दिसतो आणि त्यांची टाच आयुष्यात कधी दुखलेली नसते. ज्यांची दुखायची थांबते, त्यांचाही काटा तसाच राहतो. तेव्हा त्या काट्याची धास्ती घेऊ नका, आणि तो चोळून विरघळवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तसं म्हणणारे आम्ही असलो तरी.

मग दुखायला लागतं कशानं? बहुतेक वेळा पायाला सवय नसलेलं काम अचानक पडल्यानं. वर्षभर दुकानात बसलेला माणूस एका रात्रीत तुळजापूरचा रस्ता धरतो. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणाऱ्या बायका घरातल्या शहाबादी फरशीवर दिवसभर उभ्या असतात. ट्यूशनच्या पोरांच्या मेसमध्ये ओट्याशी उभं राहून शेकडो पोळ्या लाटणाऱ्या मावशी तर आमच्या नेहमीच्या. आडतीवर पोती वाहणारे, दिवसभर फळ्यापाशी उभे असणारे सर, टाच झिजून पापडासारखी झालेली रबरी स्लिपर चार वर्षं वापरणारे, हेही त्यातलेच. वाढलेलं वजन भर घालतं. आणि ज्याकडे कुणी बघत नाही ती गोष्ट म्हणजे आवळलेली पोटरी. पोटरी ताठ असली की घोटा पुरेसा वाकत नाही आणि त्याचा भार तळव्याच्या पट्ट्यावर येतो. म्हणूनच टाच दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या पोटरीला आम्ही आधी हात लावतो. "दुखतंय खाली अन् तुम्ही दाबायलाव वर," असं म्हणून एक आजोबा आमच्यावर चांगलेच रागावले होते.

ऑस्टिओपॅथी म्हणजे पायाळूची लाथ नव्हे

उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घ्यायची, ही रीत आपल्याकडे अजून आहे. हातानं उपचार म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तेच येतं, किंवा मोबाइलवर दिसणारे, मान मोडून कडकड आवाज काढणारे लोक. आमचं काम त्याहून फार शांत आहे.

ऑस्टिओपॅथी अमेरिकेत सुरू झाली. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरची तीन मुलं 1864 साली मेंदूज्वरानं गेली. त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. हाडं, स्नायू, सांधे यांची हालचाल मोकळी राहिली तर शरीर स्वतःला सावरतं, असा विचार त्यानं 1874 मध्ये मांडला आणि 1892 मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावी शाळा काढली. त्याचे बरेच दावे आज कुणी मानत नाही, आम्हीही मानत नाही. अमेरिकेत ऑस्टिओपॅथ हे औषध, शस्त्रक्रिया सगळं करणारे पूर्ण डॉक्टर असतात. आमचं तसं नाही. आम्ही दोघंही फिजिओथेरपीचे पदवीधर आहोत आणि ऑस्टिओपॅथी त्यानंतर शिकलो. औषध लिहून देत नाही, इंजेक्शन देत नाही, तुमच्या चालू गोळ्या बंद करायला सांगत नाही. तसं कुणी सांगितलं तर तिथून उठा.

टेबलावर काय होतं

पहिली भेट 45 मिनिटांची असते आणि त्यातला निम्मा वेळ बोलण्यात जातो. कधीपासून दुखतं, काम काय, चप्पल कुठली, साखर आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं विचारतो. मग तुम्हाला चालायला लावतो, एका पायावर उभं करतो, भिंतीशी पाऊल ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायला सांगतो. या शेवटच्या तपासणीत घोटा किती वाकतो ते कळतं. डाव्या-उजव्यात फरक दिसला की कामाला कुठून सुरुवात करायची तेही कळतं.

नंतर हातांचं काम. पोटरीचे स्नायू हळूहळू दाबून सैल करणं, घोट्याचा सांधा धरून पुढे-मागे सावकाश सरकवणं, टाचेचं हाड आणि त्यावरचं हाड यांच्यातली हालचाल मोकळी करणं, पावलाच्या मधल्या छोट्या हाडांना एकेक करून हलवणं. काही वेळा तुम्ही पावलानं आमच्या हाताला हलकेच रेटता, आम्ही तेवढाच विरोध करतो, तुम्ही सोडलंत की स्नायू थोडा जास्त लांबतो. गुडघा, खुबा, कंबरही बघतो, कारण कमरेतून निघालेली नसही कधी कधी टाचेत ठणका देते. दुखलं तर लगेच सांगा, सोसत बसू नका. "जितकं जास्त दुखेल तितका गुण" हा समज आमच्या टेबलावर चालत नाही.

बायकांना बाई तपासतात. कपडे बदलावे लागत नाहीत, गुडघ्यापर्यंत पाय मोकळा झाला की पुरे. नऊवारीतल्या आजी तर सगळ्यात सोयीच्या.

उपचारानंतर एखादा दिवस अंग ठणकल्यासारखं वाटू शकतं. दोन दिवसांत ते गेलं नाही तर फोन करा.

आता खरं सांगायचं ते. हातांच्या उपचारानं दुखणं कमी होतं, घोटा मोकळा होतो, पण हा आराम बहुधा काही दिवसांचाच असतो. त्या दिवसांत तुम्ही व्यायाम केलात तर तो टिकतो. नाहीतर पुढच्या आठवड्यात तुम्ही पुन्हा आमच्या बाकड्यावर. टाचदुखी असलेले बहुतेक लोक वर्षभरात बरे होतात, कित्येक तर आमच्याविनाच. आम्ही ते वर्ष थोडं सुसह्य करतो आणि चुकीच्या गोष्टींपासून अडवतो. म्हणून दहा भेटींचं पॅकेज आमच्याकडे मिळत नाही. तीन-चार भेटींत काहीच फरक नसेल, तर आम्हीच चिठ्ठी लिहून हाडांच्या डॉक्टरकडे पाठवतो.

घरी करायचं (हा भाग कापून ठेवा)

गादीवरून पाय खाली टाकण्याआधीच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. हातानं पायाची पाचही बोटं नडगीकडे ओढा, तळव्यातली दोरी ताणलेली दुसऱ्या हाताच्या बोटाला लागली पाहिजे. 10 सेकंद धरा, सोडा, असं 10 वेळा. दिवसातून तीनदा, पण सकाळचं चुकवू नका.

दुसरा व्यायाम जरा कष्टाचा. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभे राहा, टाचा बाहेर. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा म्हणजे बोटं वर वळतील. भिंत किंवा कठडा धरा. 3 सेकंदांत टाच वर, 2 सेकंद तिथेच, 3 सेकंदांत खाली. सुरुवातीला 12 वेळांच्या तीन फेऱ्या, दिवसाआड. जमायला लागलं की पाठीला दप्तर लावून वजन वाढवायचं. डेन्मार्कमध्ये 48 रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात तीन महिन्यांनी या व्यायामानं नुसत्या ताणण्यापेक्षा जास्त फरक पडला होता. वर्षानंतर दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे लवकर आराम हवा असेल तर हे करा. तोल जाणाऱ्या वयस्कर मंडळींनी एकट्यानं पायरीवर चढू नये, जमिनीवरच करावं.

घरात चप्पल घाला. ही एक गोष्ट पटवायला आम्हाला व्यायामापेक्षा जास्त वेळ लागतो. "घरात चपला? देवघर आहे की." घरात वापरायची वेगळी, मऊ, टाचेला थोडी उंच चप्पल ठेवा, देवापुढे काढा. फरशीवर ओट्याशी उभं राहायचं असेल तिथे जुनी सतरंजी चार पदरी घालून ठेवली तरी फरक पडतो.

पाण्याची छोटी बाटली फ्रीजमध्ये गोठवून तिच्यावर तळवा दहा मिनिटं फिरवला की ठणका उतरतो. पण मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर हे करू नका.

रुई, बिब्बा आणि काशाची वाटी

वीट तापवून तिच्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकणं घरोघरी चालतं. शेकानं बरं वाटतं, त्याला आमची ना नाही. पण साखरेच्या माणसाला चटका कळत नाही. फोड आलेला दुसऱ्या दिवशी कळतो आणि मग जखम महिनोन्महिने भरत नाही. रुईचा चीक डोळ्यांना लागला तर तेही वाईट. बिब्ब्याचा चटका मात्र कुणीच घेऊ नये. त्याच्या तेलानं कातडी भाजते.

काशाच्या वाटीनं तूप लावून तळवे घासणं छान आहे, झोप चांगली लागते, जरूर करा. तळवा काळा पडतो तो मात्र "अंगातली उष्णता बाहेर आली" म्हणून नाही, ती धातूची झीज. तळव्यावरचा अमुक बिंदू म्हणजे मूत्रपिंड, तमुक म्हणजे यकृत असे नकाशेही आमच्या भिंतीवर सापडणार नाहीत.

एक गोष्ट मात्र रोजच्या तब्येतीशी थेट जोडलेली आहे. टाच दुखते म्हणून माणूस फिरणं सोडतो, मग साखर वाढते, वजन वाढतं, झोप बिघडते आणि टाच आणखी दुखते. आठवड्याला 150 मिनिटं झपाझप चालावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुखत असेल तर ती 150 मिनिटं दहा-दहा मिनिटांत वाटून घ्या, मातीच्या मैदानावर चाला, डांबरी रस्ता टाळा, सायकल असेल तर सायकल काढा. पूर्ण विश्रांती घेऊन पडून राहू नका.

आमच्याकडे न येता सरळ दवाखान्यात जा

पाय मुरगळला किंवा मार लागला आणि चार पावलंही टाकता येत नाहीत, तर आधी एक्स-रे. पोटरीत मागून कुणी दगड मारल्यासारखा फटका बसला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर त्याच दिवशी हाडांचे डॉक्टर. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखते, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तिला चोळणं धोक्याचं. त्यात दम लागत असेल तर क्षणभरही थांबू नका.

अंगठ्याचा सांधा रात्रीतून लाल होऊन पांघरूणही सहन होईना, तर तो बहुधा गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात. दुखण्याबरोबर ताप, रात्री झोपेतून उठवणारी कळ, पायाचा रंग बदलणं, हेही आमचं काम नाही. आणि तरुण पोरगा म्हणत असेल की दोन्ही टाचा दुखतात, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त कंबर आखडलेली असते, तर त्याला संधिवाताच्या तपासण्या लागतात.

मधुमेहींसाठी वेगळं. तळव्यावर जखम, फोड किंवा भेगेतून पाणी दिसलं तर टाच दुखो न दुखो, डॉक्टर गाठा. रोज झोपताना तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा, किंवा नातवाला बघायला सांगा. आमच्याकडे आलात तर 10 ग्रॅमच्या नायलॉन तंतूनं पायाची संवेदना तपासून देतो, त्याचे पैसे नाहीत.

येताना

रोज वापरता ती चप्पल घालून या, ठेवणीतली नको. तिची टाच कुठून झिजली आहे ते बघून आम्हाला बरंच समजतं. जुने एक्स-रे, साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. फीचा फलक दाराशीच आहे, आत येण्याआधी वाचून घ्या. केंद्र तळमजल्यावर आहे, पायरी एकच, तिलाही कठडा बसवलाय. सोमवारी बंद.