आत्माविष्कारातील प्रामाणिकपणा

स्वतःच्या अनुभवाला, त्यातील लाजिरवाण्या, दुखऱ्या आणि प्रतिष्ठेला बाधक भागांसह, कलावंत ज्या निष्ठेने रूप देतो, तिला आत्माविष्कारातील प्रामाणिकपणा म्हणता येईल. घडले ते जसेच्या तसे सांगणे एवढ्यापुरता तो मर्यादित नाही. संपूर्ण कल्पित कथेत तो असू शकतो आणि सनावळीसह बिनचूक असलेल्या आत्मचरित्रातही त्याचा मागमूस नसतो.

मराठीत या प्रश्नाचा गंभीर विचार बा. सी. मर्ढेकर यांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) या पुस्तकात ‘आत्मनिष्ठा’ या संज्ञेच्या आधारे केला. लेखक आपल्या अनुभवाशी इमान राखतो, की रूढ संकेतांच्या किंवा वाचकांच्या अपेक्षेच्या दडपणाखाली त्यात भेसळ करतो, हा या विचाराचा गाभा मानता येतो. असे इमान राखणे नेहमीच निर्धोक नसते. ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहासाठी खुद्द मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि त्यातून ते निर्दोष सुटले.

प्रांजळपणाच्या मर्यादा अठराव्या शतकातील विचारवंत रूसोच्या ‘कन्फेशन्स’ या आत्मचरित्रात फार स्पष्ट दिसतात. त्याच्या मृत्यूनंतर १७८२ आणि १७८९ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात एक प्रसंग आहे. तरुणपणी तुरीन येथे नोकर असताना रूसोने घरातील एक जुनी फीत चोरली आणि पकडला गेल्यावर, ती आपल्याला मारियाँ या स्वयंपाकीण मुलीने दिली, असे सर्वांसमोर सांगितले. दोघांचीही नोकरी गेली. ही टोचणी आयुष्यभर राहिली आणि आत्मचरित्र लिहिण्यामागे तिचा मोठा वाटा होता, असे तो सांगतो. मात्र लगेचच तो असेही लिहितो, की फीत आपण तिलाच देणार होतो, ती मनात होती म्हणूनच तिचे नाव तोंडी आले. समीक्षक पॉल द मान यांनी १९७९ मध्ये नेमके यावर बोट ठेवले : कबुली पाहता पाहता सबबीत बदलते आणि उघडे पडण्यातही एक सुख लपलेले असते. मारियाँची बाजू अर्थातच कोठेही नोंदलेली नाही.

जवळून भोगलेले सांगण्यासाठी कित्येकदा थोडे अंतर लागते. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवार नावाच्या सुशिक्षित, नावारूपाला आलेल्या माणसाला ऐकवतो. दोघे एकच आहेत. या योजनेमुळे भोगणारा मोकळेपणाने बोलू शकतो आणि ऐकणाऱ्याने पांढरपेशा जगात जपलेला संकोचही झाकून राहत नाही. सरळ प्रथमपुरुषी निवेदनात हे दुहेरी दर्शन इतके धारदार झाले नसते.

अमेरिकेत समीक्षक एम. एल. रोझेन्थल यांनी १९५९ मध्ये कवी रॉबर्ट लोवेल यांच्या ‘लाइफ स्टडीज’ या संग्रहाचे परीक्षण करताना कबुलीजबाबाची कल्पना वापरली आणि पुढे सिल्व्हिया प्लाथ, ॲन सेक्स्टन यांच्या कवितेलाही ‘कबुलीजबाबाची कविता’ हे नाव चिकटले. ते नाव अपुरेच आहे. १९६२ मधील एका मुलाखतीत प्लाथ यांनी वेड आणि छळ यांसारख्या भीषण अनुभवांवरही कवीचा ताबा हवा, असे मत मांडले होते. नुसता आक्रोश त्यांना कविता वाटत नव्हता.

मन मोकळे करण्याचा आरोग्याशी असलेला संबंध हा वेगळा विषय आहे. मानसशास्त्राचे अभ्यासक जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आघातांविषयी लिहिले. लिहिताच त्यांना उदास वाटले, पण पुढील काही महिन्यांत घटना आणि भावना दोन्हींविषयी लिहिणाऱ्यांचे आरोग्यकेंद्रात जाणे तुलनेने कमी झाले. त्या लेखनाच्या वाङ्मयीन मूल्याशी याचा संबंध नाही.

सर्वांत अवघड प्रश्न इतरांचा आहे, कारण कोणाचेही आयुष्य एकट्याचे नसते. लोवेल यांनी ‘द डॉल्फिन’ (१९७३) या संग्रहात विभक्त पत्नी एलिझाबेथ हार्डविक यांची खासगी पत्रे कवितेत वापरली आणि त्यांतील मजकूरही बदलला. हस्तलिखित वाचून कवयित्री एलिझाबेथ बिशप यांनी १९७२ मध्येच पत्राने कळकळीची हरकत घेतली होती. परवानगीविना केलेला वापर त्यांना खटकला होता, आणि खऱ्यात खोटे मिसळणे त्याहून अधिक. लोवेल यांनी काही फेरफार केले, परंतु पत्रे ठेवली. पुस्तकाला १९७४ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.