झाँग जहाजाचा विमादावा

६ मार्च १७८३ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये भरपाईचा एक दावा सुनावणीला आला. लिव्हरपूलचा व्यापारी विल्यम ग्रेगसन आणि त्याचे भागीदार यांच्या ‘झाँग’ या जहाजावरचा काही माल खलाशांनी समुद्रात टाकला होता आणि विमा उतरवणारे पैसे द्यायला तयार नव्हते. माल म्हणजे जिवंत आफ्रिकन माणसं, दर माणशी ३० पौंड. ज्युरीने मालकांच्या बाजूने निकाल दिला.

असा दावा उभा राहू शकला, कारण तोवर आफ्रिकन गुलामांच्या या व्यापाराला जवळजवळ तीन शतकं होत आली होती. युद्धांनी, सक्तीच्या श्रमांनी आणि युरोपातून आलेल्या रोगांनी अमेरिकेतले मूळ रहिवासी लाखोंनी मेले. साखरेच्या मळ्यांना मजूर हवे होते, ते पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून आणले गेले. तिथल्या किनाऱ्यावरचे राजे आणि व्यापारी लढाईत पकडलेले लोक विकत. बदल्यात त्यांना बंदुका, दारू आणि कापड मिळे. त्यात हिंदुस्थानात विणलेलं सुती कापड असे, मालदीवच्या कवड्याही असत. हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा व्यापार थांबला, तोपर्यंत सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली होती. त्यांतली सुमारे अठरा लाख वाटेतच मेली. जी पोचली, त्यांतली जवळजवळ निम्मी ब्राझीलमध्ये उतरवली गेली.

झाँगने ऑगस्ट १७८१ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं अक्रा सोडलं, तेव्हा त्यावर ४४२ गुलाम होते. एवढ्या आकाराच्या जहाजावर एरवी याच्या निम्मे नेत. कप्तान ल्यूक कॉलिंगवूड मूळचा जहाजावरचा डॉक्टर, कप्तान म्हणून त्याची ही पहिलीच सफर. तळाशी साखळदंडात कोंबलेल्या माणसांत रोग पसरला आणि नोव्हेंबर संपेपर्यंत साठाहून अधिक गुलाम दगावले. जिथे जायचं होतं ते कॅरिबियनमधलं जमैका बेट दिसलं, पण तो दुसराच किनारा समजून जहाज पुढे गेलं.

विम्याचा नियम असा की गुलाम आजाराने मेला तर नुकसान मालकाचं. जहाज वाचवण्यासाठी ‘माल’ फेकावा लागला तर भरपाई विमा उतरवणाऱ्यांनी द्यायची. पाणी कमी पडतंय, असं कारण खलाशांनी दिलं. २९ नोव्हेंबरला त्यांनी ५४ बायका-मुलांना केबिनच्या खिडक्यांतून समुद्रात लोटलं. १ डिसेंबरला ४२ पुरुष, मग आणखी ३६ जण. दहा जणांनी स्वतःच उड्या मारल्या. गुलामांपैकी एकाला इंग्रजी येत होतं. आम्हाला अन्न देऊ नका, पाणी देऊ नका, पण जगू द्या, अशी विनवणी त्याने सगळ्यांच्या वतीने केली. मधल्या काळात पाऊस पडून पाणी साठलं, तरी फेकणं थांबलं नाही. जमैकाला जहाज लागलं, तेव्हा २०८ जण जिवंत होते आणि ४२० गॅलन पाणी शिल्लक होतं.

स्वतः गुलामीतून सुटलेल्या ओलाउडा इक्वियानोने ही बातमी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पला सांगितली. मे महिन्यात फेरसुनावणीची मागणी न्यायमूर्ती मॅन्सफिल्ड यांच्यापुढे आली. ऐकून धक्का बसला तरी ज्युरीच्या दृष्टीने घोडे समुद्रात फेकण्यासारखंच हे प्रकरण होतं, असं ते म्हणाले. पावसाचा मुद्दा पुढे आल्यावर त्यांनी पुन्हा खटला चालवायला परवानगी दिली, पण तो चालल्याची नोंद मिळत नाही. खुनाचा गुन्हा दाखल व्हावा म्हणून शार्पने धडपड केली. एकावरही खटला भरला गेला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत भीषण गोष्ट हीच आहे. एकशे तीसहून अधिक माणसं मारली गेली आणि कोर्टापुढे प्रश्न आला तो फक्त पैसे कोणी भरायचे, एवढाच.

शार्पच्या पत्रांमुळे हे प्रकरण गुलामव्यापाराच्या विरोधकांच्या हाती पडलं. १७८७ मध्ये लंडनला गुलामव्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली, १८०७ मध्ये ब्रिटनने व्यापारावर बंदी घातली आणि १८३३ मध्ये आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. त्या कायद्यानेही भरपाई ठरवली, दोन कोटी पौंडांची. ती सगळी मालकांना मिळाली. मुक्त झालेल्यांना एक पेनीही मिळाली नाही. उलट त्यांतल्या बहुतेकांना शिकाऊ मजूर म्हणून १८३८ पर्यंत जुन्या मालकांकडेच राबावं लागलं.