कलाउपापा: कायदा, कडा आणि फादर डेमियन

फादर डेमियन म्हटलं की कुष्ठरुग्णांची सेवा करता करता स्वतःच त्या रोगाने गेलेला बेल्जियन धर्मगुरू, एवढंच बहुतेकांना आठवतं. पण ज्या जागी ते गेले ती जागा कशी तयार झाली, हे कळल्याशिवाय त्यांच्या कामाचं मोल कळत नाही.

हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होतं. परदेशी जहाजांबरोबर आलेल्या देवी, गोवर अशा साथींनी तिथल्या मूळ रहिवाशांची संख्या झपाट्याने घटत चालली होती. त्यात कुष्ठरोग पसरू लागला आणि सरकार धास्तावलं. पाचव्या कामेहामेहा राजाच्या काळात, १८६५ मध्ये, रुग्णांना सक्तीने वेगळं ठेवण्याचा कायदा झाला. जागा निवडली ती मोलोकाई बेटाच्या उत्तरेचं कलाउपापा हे भूशिर. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला दोनेक हजार फुटांचा सरळ कडा. ६ जानेवारी १८६६ रोजी पहिले १२ रुग्ण तिथल्या कलावाओ या ठिकाणी उतरवले गेले. हे लोक शेती करून आपलं पोट भरतील, असा सरकारचा हिशेब होता. हातापायांतली संवेदना गेलेल्या, घरादारापासून तोडलेल्या माणसांकडून ही अपेक्षा! अन्न, औषधं, निवारा, सगळ्याचीच टंचाई झाली.

तरी डेमियन येण्याआधी तिथे नुसता अंधार होता, असं म्हणणं त्या रुग्णांवर अन्याय करणारं आहे. त्यांनी १८६६ मध्येच आपली प्रोटेस्टंट मंडळी स्थापन केली होती. काहींबरोबर त्यांचे निरोगी नातेवाईकही स्वखुशीने राहायला आले होते.

डेमियन यांचं मूळ नाव योझेफ दे व्हूस्टर. जन्म १८४० चा, बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावचा. हवाईला खरं तर त्यांचा थोरला भाऊ जाणार होता. तो आजारी पडला, म्हणून हे गेले. १८६४ मध्ये होनोलुलूत त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि पुढची नऊ वर्षं त्यांनी हवाईच्या मोठ्या बेटावर काम केलं. मोलोकाईला चार धर्मगुरूंनी आळीपाळीने जावं, असं बिशप मेग्रे यांनी ठरवलं होतं. १० मे १८७३ रोजी डेमियन पहिल्या पाळीसाठी उतरले आणि तिथेच राहिले.

सुरुवातीचे दिवस त्यांनी एका झाडाखाली झोपून काढले. मग रुग्णांना हाताशी धरून घरं बांधली, नळाने पाणी आणलं, शवपेट्या केल्या, कबरी खणल्या. लाळ आवरत नसलेल्या रुग्णांना संकोच वाटू नये म्हणून डेमियन यांच्या चर्चच्या जमिनीला थुंकण्यासाठी चौकोनी भोकं ठेवली होती. मला त्यांची सगळी थोरवी या भोकांत दिसते. कायद्याने घालून दिलेलं अंतर त्यांनी पाळलंच नाही. ते रुग्णांच्या जखमा बांधत, त्यांच्याबरोबर एकाच भांड्यातून जेवत.

याची किंमत त्यांनाही मोजावी लागली. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजातून आले, पण त्यांना उतरू दिलं नाही. डेमियन यांनी छोट्या होडीतून जहाजाजवळ जाऊन, सगळ्यांसमक्ष, मोठ्या आवाजात आपला पापनिवेदन-विधी पार पाडला. १८८४ च्या अखेरीस उकळत्या पाण्यात पाय पडला तरी चटका जाणवला नाही, तेव्हा रोग जडल्याचं स्पष्ट झालं. त्यानंतरही ते थांबले नाहीत. १८८८ मध्ये मदर मेरियन कोप ही ख्रिस्ती जोगीण आपल्या सहकारी जोगिणींसह मदतीला आली. १५ एप्रिल १८८९ रोजी, ४९ व्या वर्षी, डेमियन यांचं निधन झालं. २००९ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

योगायोग असा की, ते मोलोकाईला उतरले त्याच १८७३ साली नॉर्वेत हान्सेन यांना कुष्ठरोगाचा जंतू सापडला होता. हा रोग सहजी लागत नाही आणि बहुतेकांच्या अंगी त्याविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. कलाउपापाला गुणकारी सल्फोन औषधं पोचली १९४६ मध्ये आणि सक्तीचं विलगीकरण उठलं ते थेट १९६९ मध्ये. तोवर सुमारे आठ हजार माणसं तिथे पाठवली गेली होती. मोकळीक मिळाल्यावरही अनेकांनी तिथेच राहणं पसंत केलं, कारण त्यांचे सगेसोयरे आता तिथलेच होते.