टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय? गाडी आणण्याआधी एवढं वाचा

व्हॅनिटी व्हॅन, कॅरॅव्हॅन आणि मोटरहोमच्या मालकांसाठी व ड्रायव्हरसाठी

सांडपाण्याची टाकी रिकामी करायला पाइपाचं झाकण फिरवलं आणि बुटावर घाण पाणी आलं, ही तक्रार घेऊनच बहुतेक गाड्या आमच्याकडे येतात. झाकण घट्ट असलं की गळती दिसत नाही, म्हणून काही जण महिनोन्‌महिने तसंच चालवतात. पण पाणी अडवणं हे व्हॉल्व्हचं काम. झिरपलेलं सगळं झाकणामागे साठतं आणि जो उघडेल त्याच्या अंगावर येतं.

हा व्हॉल्व्ह म्हणजे दोन फ्लँजच्या (पाइपाच्या टोकाच्या चपट्या कड्यांच्या) मध्ये सरकणारी पाती आणि तिच्या दोन्ही अंगांना रबरी सील. संडासाच्या टाकीला बहुधा 3 इंची असतो, बेसिन-शॉवरच्या टाकीला दीड इंची. पाती सहसा टिकते. झिजतं ते सील, नाहीतर खाचेत काहीतरी अडकतं आणि पाती सूतभर उघडी राहते. व्हॅनिटीच्या खाचेत आम्हाला मेकअप पुसायचे वाइप्स, कापसाचे बोळे, साडीच्या पिना सापडतात. सहलीच्या गाडीत भाताची शितं. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गाडीत क्षारांचा थर. म्हणून आम्ही आधी टाकी धुऊन पाती दहा-बारा वेळा आत-बाहेर करून पाहतो. तेवढ्याने गळती थांबली तर नुसती धुण्याची मजुरी घेतो.

बदलायचाच झाला तर काम सोपं आहे, घाणेरडं असलं तरी. चार बोल्ट काढायचे, फ्लँज किंचित फाकवायचे, जुना व्हॉल्व्ह ओढून काढायचा, फ्लँज घासून कोरडे करायचे आणि दोन्ही सील बसवून नवा व्हॉल्व्ह सरकवायचा. खरी मेख सील बसवण्यात आहे. व्हॉल्व्ह सरकवताना सीलची कड दुमडली तर नवा कोरा व्हॉल्व्हही पहिल्याच दिवशी गळतो. जुनं सील ‘चांगलं दिसतंय’ म्हणून परत बसवायला सांगू नका, आम्ही बसवत नाही. बोल्ट एसएसचेच (स्टेनलेस स्टीलचे) टाकतो. साधे खालच्या चिखलपाण्याने गंजतात आणि पुढच्या वेळी कापावे लागतात. ते आवळायचेही बेतानेच, नाहीतर प्लॅस्टिकची बॉडी वाकून पाती अडकते. काही गाड्यांत व्हॉल्व्ह सोल्युशनने पाइपाला चिकटवलेला असतो. तिथे पाइप कापावा लागतो, वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. हे गाडीखाली शिरून पाहिल्यावरच सांगता येईल.

शेवटी टाकी स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरून, झाकण काढून, खाली कोरडा पुठ्ठा ठेवतो. अर्धी टाकी भरून केलेली चाचणी आम्ही मानत नाही, कारण वरचं वजन पडलं की मगच सील खरं बोलतं. रात्रभर पुठ्ठा कोरडा राहिला तर सकाळी गाडी न्या.

पुढे तुमच्या हातात एवढंच: संडासाचा व्हॉल्व्ह रिकामं करतानाच उघडा. होज (टाकी रिकामी करायचा लवचिक पाइप) जोडून व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट मैला तळाशी बसतो. मग कितीही पाणी ओता, हलत नाही. टाकी निम्म्याहून जास्त भरू द्या, आधी संडासाची सोडा, मग बेसिनची, म्हणजे होज आपोआप धुतला जातो. पाती जड चालली तर सिलिकॉन ग्रीस लावा. चाकाचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, त्याने रबर फुगू शकतं. खोबरेल तेलाचा प्रयोगही आम्ही पाहिला आहे, तोही नको. संडास घासायचं ॲसिड टाकीत ओतू नका.

गाडी आणताना टाक्या रिकाम्या करून, दोनदा खंगाळून आणा. गटारात किंवा नाल्यात सोडू नका. सेप्टिक टँक उपसणाऱ्या टँकरवाल्याला बोलवा, किंवा जिथे मुक्काम आहे तिथल्या सेप्टिक टँकमध्ये विचारून सोडा. हातमोजे घाला. आमच्याकडे मैला टाकायची सोय नाही, त्यामुळे भरलेली टाकी आली तर गाडी परत पाठवावी लागते.