भूकंपातलं रक्तदान आणि साथीतलं रक्तदान

'संकट आलं की लोक रक्त द्यायला धावतात' हे भूकंपात खरं ठरतं, साथीच्या रोगात बहुतेक वेळा नाही. दोन्हीला आपण संकटच म्हणतो, तिथेच घोळ होतो.

भूकंप, स्फोट, मोठा अपघात झाला की पडद्यावर जखमी दिसतात. आपण नुसते बघत बसलोय ही घालमेल सहन होत नाही, आणि रक्त देणं ही त्या क्षणी जमण्यासारखी गोष्ट असते. यात परोपकार आहे, तशीच स्वतःच्या अस्वस्थतेला वाट करून देण्याची गरजही आहे. त्यात कमीपणा काही नाही. अडचण एवढीच, की पहिल्या काही तासांत जखमींना चढवतात ते रक्तपेढीत आधीच तपासून ठेवलेलं रक्त. आज घेतलेली पिशवी चाचण्या होऊन बाहेर पडेपर्यंत घाईची वेळ बरीचशी टळलेली असते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत रक्तपेढ्यांबाहेर रांगा लागल्या, काही लाख जादा पिशव्या जमल्या. हल्ल्यातल्या जखमींना तीनशेसुद्धा लागल्या नाहीत. तांबड्या पेशी साधारण ४२ दिवस टिकतात, म्हणून पुष्कळ रक्त टाकून द्यावं लागलं. शिवाय एकाच दिवशी रक्त दिलेल्या त्या सगळ्यांना पुढचे काही आठवडे परत देता येईना.

साथीत रक्त लागतं ते बहुधा साथीच्या रुग्णाला नाहीच. लागतं थॅलेसेमियाच्या मुलाला, बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या बाईला, केमोथेरपी चालू असलेल्याला. त्यांची बातमी होत नाही. २०२० मध्ये कॉलेजं आणि ऑफिसं बंद झाली, तिथली शिबिरं रद्द झाली. ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्यामुळे सुरुवातीला मागणीही घटली. त्या परत सुरू झाल्यावर मात्र ओढाताण झाली. प्लेटलेट्स तर पाच-सात दिवसच टिकतात, त्यांचा साठा करून ठेवायची सोयच नाही.

अशा वेळी दात्याला घरातून बाहेर काढणं म्हणजे आधी त्याची भीती घालवणं. सुई नवी असते, वेळ ठरवून दिलेली असते, गर्दी नसते, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. माझ्या मते 'रक्ताचा तुटवडा आहे' या फलकापेक्षा 'तुमच्या गटाच्या पिशव्या संपत आल्यात, उद्या अकराला येता का?' हा फोन जास्त कामाचा. पूर्वी रक्त दिलेल्याला तर तेवढंही पुरतं.

साथीत आणखी एक प्रेरणा पुढे येते, ती जरा अवघड आहे: 'मला होऊन गेला का?' हे कुतूहल. जून २०२० पासून अमेरिकन रेड क्रॉसने दात्यांच्या रक्ताची अँटिबॉडी चाचणी मोफत सुरू केली. कोरोना रक्तातून पसरल्याचं दिसलं नव्हतं, म्हणून हे आमिष चालून गेलं. एचआयव्हीच्या बाबतीत तेच घातक ठरलं असतं. १९८५ मध्ये रक्ताची चाचणी आली तेव्हा, फक्त निकाल कळावा म्हणून धोक्यातले लोक रक्तदानाला येतील या भीतीने अमेरिकेत वेगळी तपासणी केंद्रं उघडावी लागली होती. लागण नवी असेल तर ती तेव्हाच्या चाचणीतून निसटू शकत होती.

त्यामुळे दोन्ही वेळी आवाहन एकच करून भागत नाही. भूकंपानंतर रांगेतल्या अर्ध्या लोकांना 'नाव लिहून जा, तीन आठवड्यांनी बोलावतो' म्हणावं लागतं. साथीत एकेकाला वेळ देऊन बोलवावं लागतं.