नॉकआउट की नॉकडाउन? फळमाशीच्या वाय गुणसूत्राचा पेच

नॉकआउट आणि नॉकडाउन या जनुक गप्प करण्याच्या दोन पद्धती, पण हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. नॉकआउटमध्ये डीएनएतलं जनुकच मोडतात, हल्ली बहुधा क्रिस्पर या डीएनए कापण्याच्या तंत्राने. नॉकडाउनमध्ये जनुकाला हातही लागत नाही. पेशीत दुपेडी आरएनए तयार करवला की डायसर नावाचं एन्झाइम त्याचे साधारण 21 अक्षरांचे तुकडे पाडतं, आणि त्या तुकड्यांच्या खुणेवरून अर्गोनॉट प्रथिन जुळणारे संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकाच्या नकला, हुडकून कापतं. मूळ दस्त कपाटात शाबूत, झेरॉक्स तेवढ्या टेबलावर पोचण्याआधीच टराटरा फाडलेल्या.

हा फरक किती महागात पडतो ते वाय गुणसूत्रावर कळतं. फळमाशीचं वाय सुमारे 4 कोटी अक्षरांचं; त्यात प्रथिनं बनवणारी जनुकं अगदी मोजकी, बाकी त्याच त्या डीएनएचं रान. केएल-3 हे एकटं जनुक 40 लाखांहून जास्त अक्षरांवर पसरलंय. शुक्राणूच्या शेपटीतल्या मोटरचा एक भाग त्यातून बनतो. (शेपूटही काय, जवळजवळ 2 मिमी! माशी स्वतः जेमतेम 3 मिमीची.) वाय नसलेला नर धडधाकट जगतो, फक्त वंध्य असतो, हे जनुकशास्त्रज्ञ ब्रिजेसने 1916 मध्येच दाखवलं होतं.

आता केएल-3 नॉकआउट करून बघा. नर वंध्य झाला. वाय जातं बापाकडून मुलाकडे, त्यामुळे तुम्ही खपून मोडलेलं वाय त्या माशीबरोबरच संपलं. वाण टिकवायचा तर वेगळ्याच एखाद्या गुणसूत्रावर वायचा जादा तुकडा वगैरे कसरत आली.

नॉकडाउनमध्ये दुपेडी आरएनए बनवणारी रचना दुसऱ्या किंवा तिसऱ्या गुणसूत्रावर बसवतात. ती बापाकडे ठेवायची आणि तिला चालू करणारं, वृषणातच काम करणारं गॅल4 हे प्रथिन आईकडे. दोघंही सुपीक. मुलग्यांत दोन्ही एकत्र आले की केएल-3 गप्प. वंध्य नर हवे तेव्हा, हवे तितके, दर क्रॉसमधून (नर-मादीच्या जोडणीतून) नव्याने.

फुकट काहीच नसतं. आरएनए थोडाफार उरतोच. गॅल4 उष्णतेत जोमाने चालतं म्हणून माश्या 29 अंशांवर वाढवाव्या लागतात. कधी भलत्याच जनुकाचे संदेशही कापले जातात, म्हणून त्याच जनुकाच्या वेगळ्या भागावर नेम धरणारी दुसरी रचनाही तपासतात. ‘काहीच फरक पडला नाही’ या निकालावर तर मी नॉकडाउनच्या भरवशावर कधीच विश्वास ठेवणार नाही. केएल-3 चं मात्र तसं नाही: ते दाबलं की नराच्या शुक्राशयात शुक्राणूच सापडत नाहीत.